तारली, पेडवे, मांदेली: समुद्रात यांच्यावर नेमकं कोण जगतं?

खाडीकाठ
बाजारात तारली कमी आली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, 'तारली नाही म्हणजे सुरमईपण नाही.' दुसरं, 'तारली नाही, कारण सुरमईनेच खाल्ली.' दोन्ही एकाच टोपलीत कशी बसतात ते कळत नाही. म्हणून जाणकारांना तीन प्रश्न.

तारली, पेडवे, मांदेली, बांगड्याची पिल्लं अशी थव्याने फिरणारी बारीक मासळी आपल्या किनाऱ्यावर कोण कोण खातं? तारली पडली तर खाणारे उपाशी राहतात की दुसरं काही शोधतात? आणि हे मोजतात कसं?

'निसर्गाची साखळी' छाप उत्तरं नकोत, ती शाळेत झाली.

तिखलं
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मी. त्रिफळं घालून.

पोटपरीक्षक
तिखलं यांना वगळून यादी देतो.

सुरमई: अगदी पिल्लू असल्यापासून मासेखाऊ. लहानपणी अँकोव्हीची (मांदेलीच्या कुळातल्या माशांची) पिल्लं, मोठेपणी तारली, पेडवे, बांगडा आणि म्हाकूल (स्क्विड). दात कात्रीसारखे, त्यामुळे घास तोंडापेक्षा मोठा असला तरी ती तुकडा पाडते.

कुपा (टूना): अँकोव्ही, लहान तारली, म्हाकूल. हा पूर्ण गिळतो, त्यामुळे जबड्याच्या फटीत मावेल तेवढंच.

वाकटी: लहान असताना जवळा (अगदी बारीक कोळंबी), मोठी झाली की अँकोव्ही, इतर बारीक मासे आणि स्वतःचीच पिल्लं.

मुशीच्या लहान जाती: बारीक मासे आणि म्हाकूल, जे सापडेल ते.

किनाऱ्यालगतचा कुबडवाला डॉल्फिन (दापोली-तारकर्लीत पर्यटकांना दाखवतात तो): तारली खातो, पण बोय आणि ढोमाही तितक्याच आवडीने. खाडीच्या तोंडाशी राहणारा प्राणी आहे, केवळ तारलीवर अवलंबून राहून त्याला चालणार नाही.

आता कारण. शिकाऱ्याच्या दृष्टीने एका माशाची किंमत तीन गोष्टींवर ठरते: त्यात चरबी किती, तो शोधायला किती पोहावं लागतं, आणि तो तोंडात मावतो का. थव्यातली तारली तिन्हीत पास होते. थवा करून राहणं हे खरं तर तिचं संरक्षण, कारण एकट्या शिकाऱ्याला एक मासा नजरेत धरता येत नाही. पण डॉल्फिन खालून कोंडतात, वरून पक्षी पडतात आणि पाण्याचा पृष्ठभाग भिंतीसारखा आडवा येतो. मग तोच थवा ताट होतो.

उत्तनचा वारा
यादी चांगली, पण ही दक्षिण कोकणाची यादी आहे. मुंबई, वसई, डहाणूला तारलीवरून सगळं मोजायला गेलात तर फसाल.

आमच्याकडे उथळ, गढूळ, रुंद पट्टा आणि भरती-ओहोटीची प्रचंड ओढ. डोल जाळं (प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) लागतं ते त्या ओढीच्या जोरावरच. इथे मधल्या पायरीवर जवळा आहे, त्याच्या जोडीला मांदेली. बोंबलाचं पोट फाडा: जवळा, करंदी, मांदेली आणि लहान बोंबील. हो, बोंबील बोंबलालाच खातो. वाकटीचंही तेच. थव्याने फिरणाऱ्या बारीक मासळीचं जे काम तुम्ही सांगताय ते उत्तर कोकणात बरंचसं जवळाच करतो, आणि जवळा मासाच नाही.

खाडीकाठ
@उत्तनचा वारा, मग मांदेली आणि तारली एकाच पायरीवर धरायच्या की नाही?

डायटम
नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

तारलीच्या कल्ल्यांना आतून दाट, बारीक दाते असतात, पिठाच्या चाळणीसारखे. तोंड उघडं ठेवून ती पाणी गाळते. त्यात मुख्यतः डायटम, म्हणजे काचेच्या कवचाच्या एकपेशीय वनस्पती, आणि थोडे कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कवचधारी प्राणी, अडकतात. फ्रॅजिलारिया नावाचा डायटम मुबलक झाला की तारली चांगली येते, हे निरीक्षण मलबार किनाऱ्यावर १९२० च्या दशकातच नोंदवलेलं आहे. मांदेली मात्र जवळा आणि कोपेपॉड खाते, म्हणजे ती स्वतःच शिकारी आहे.

दर पायरीला ढोबळमानाने दहातलं एक पुढे जातं असं धरा. १,००० किलो डायटम, १०० किलो तारली, १० किलो सुरमई. तेच १,००० किलो डायटम कोपेपॉडमार्गे गेले तर १०० किलो कोपेपॉड, १० किलो मांदेली, आणि तिला खाणाऱ्याच्या वाट्याला १ किलो. मध्ये जवळा आला तर त्याहून कमी. तारलीच्या समुद्रात मोठी मासळी जास्त पोसली जाते ती एवढ्यासाठी. जादू काही नाही, एक दलाल कमी.

तारलीचं वेळापत्रक पावसाळ्याला बांधलेलं आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने केरळ-कर्नाटक किनाऱ्यावर खालचं गार, खतयुक्त पाणी वर येतं, डायटम फुलतात, साधारण जून ते ऑगस्टमध्ये तारली अंडी घालते. पिल्लं त्याच फुलोऱ्यावर वाढतात. वर्षभरात मासा १५ सेंटीमीटरच्या आसपास जाऊन पक्व होतो आणि जेमतेम अडीच वर्षं जगतो. म्हणजे समुद्रातली बहुतेक तारली एकाच वर्षाचं पीक असते. एक पावसाळा फसला की पुढचं वर्ष रिकामं.

उत्तरेकडे जाल तसं हे वर येणारं पाणी क्षीण होतं. उत्तनला तारलीचं राज्य नसण्याचं हे एक मोठं कारण.

हिशेबी
'एक दलाल कमी' आवडलं. बाजार समितीला कळवतो.

कांदाळी
आता मुद्द्याचं बोला. पर्ससीनवाल्यांनी (अख्ख्या थव्याला वेढून खालून आवळणारं जाळं वापरणाऱ्यांनी) तारली संपवली आणि म्हणून बाकीची मासळी संपली. एवढं सरळ आहे.

डायटम
एवढं सरळ नाही. केरळात तारली २०१२ साली सुमारे ३.९९ लाख टन उतरली, आणि २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. घसरण भयानक, मान्य. पण १९४० च्या दशकातही मलबार किनाऱ्यावरून तारली जवळजवळ नाहीशी झाली होती, इतकी की १९४३ साली मद्रास सरकारने पकडीवर निर्बंध घातले. त्या वेळी पर्ससीन कुठे होतं? पश्चिम किनाऱ्यावर ते व्यावसायिक पातळीवर आलं १९७० च्या दशकात, कर्नाटकात. तारली आपणहून वरखाली होते. एल निनोच्या वर्षात पाणी तापतं, वर येणारं पाणी कमी पडतं, पिल्लं जगत नाहीत.

कांदाळी
म्हणजे जाळ्यांचा दोष शून्य?

डायटम
शून्य म्हटलेलं नाही. साठा निसर्गाने पडत असताना त्याच वेगाने जाळी टाकली तर तो तळाला जास्त काळ राहतो. आणि थव्याची गोची अशी की साठा चौथाई उरला तरी थवे दाटच असतात. उरलेले मासे पसरत नाहीत, एकत्र येतात. त्यामुळे एका वेढ्यात मिळणारी मासळी शेवटपर्यंत चांगली दिसते आणि धोका नोंदवहीत उशिरा उमटतो. १० सेंटीमीटरखालची तारली पकडायची नाही हा केरळातला नियम त्यासाठीच आहे.

रापणकार
+१. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. शिवाय पकडलेली सगळी तारली ताटात जात नाही. एक किलो मासळीचं पीठ करायला चार ते पाच किलो ओली मासळी लागते. ते पीठ कोळंबीच्या आणि कोंबडीच्या खाद्यात जातं. डायटम यांच्या भाषेत, दलाल वाढला.

तिखलं
अवांतर: तारली सगळ्यात तेलकट कधी असते?

डायटम
पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास. फुलोऱ्यावर चरून चरबी साठते, मग ती पुढच्या अंड्यांसाठी खर्च होते. वर्षभरात स्नायूंतली चरबी ३ टक्क्यांपासून १५ टक्क्यांच्याही वर जाते. लाकडी होड्यांना जे तेल चोपडत ते याच मासळीचं. हे अवांतर नाही खरं तर. शिकाऱ्याच्या दृष्टीने मे महिन्यातली तारली आणि नोव्हेंबरातली तारली हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

सुरय
दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण पक्ष्यांच्या बाबतीत त्याचं उत्तर सगळ्यात स्पष्ट मिळालेलं आहे.

खाणारे दोन प्रकारचे. एक, जे फिरू शकतात: सुरमई, कुपा, डॉल्फिन. तारली नाही तर बांगडा, तो नाही तर म्हाकूल, आणि इथे नाही तर शंभर किलोमीटर पलीकडे. दुसरे, जे खुंटीला बांधलेले असतात. घरट्यात पिल्लू असलेला पक्षी ठरावीक अंतरापलीकडे जाऊच शकत नाही, त्याला दर काही तासांनी परतायचं असतं. वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर घरटी करणारे सुरय (टर्न पक्षी) याच गटातले. ते पाण्यात खोल जात नाहीत, वरच्या थरातला मासाच उचलतात. खाली भरपूर मासे असून त्यांना उपयोग नाही. कुपा आणि डॉल्फिन थवा वर ढकलतात तेव्हा त्यांचं जेवण होतं.

ठळक उदाहरण पेरूचं. तिथल्या अँचोवेटा नावाच्या अँकोव्हीवर ग्वानो पक्षी (ज्यांची विष्ठा खत म्हणून गोळा करतात ते) जगतात: ग्वानाय पाणकावळा, पेरूचा बूबी, पेरूचा पेलिकन. १९५० च्या दशकात त्यांची संख्या दोन कोटींच्या वर होती. १९७० साली अँचोवेटाची पकड १ कोटी २० लाख टनांच्या पुढे गेली, १९७२-७३ चा एल निनो आला आणि १९७३ मध्ये पकड २० लाखांच्या आत. पक्षी तर १९६५ च्या एल निनोपासूनच कोसळत होते आणि पूर्वीच्या संख्येला परत कधी आले नाहीत, कारण आधीच्या शतकांत एल निनो नंतर साठा सावरायचा, या वेळी वाटेकरी म्हणून जाळी उभी होती.

सागरी शास्त्रज्ञ फिलिप क्युरी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली सात समुद्री परिसंस्था आणि १४ पक्षीजातींच्या नोंदी एकत्र केल्या. बारीक मासळी तिच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेली की पिल्लं जगण्याचं प्रमाण धाडकन खाली येतं. त्याच्या वर कितीही वाढली तरी फारसा फरक नाही. म्हणून 'एक तृतीयांश पक्ष्यांना' हे सूत्र.

हिशेबी
त्या सूत्राची दुसरी बाजूही लिहा. मत्स्यशास्त्रज्ञ रे हिलबॉर्न आणि इतरांनी २०१७ साली आक्षेप घेतला तो बिनबुडाचा नाही. एक, या मासळीचा साठा पकड नसतानाही वरखाली होतो, त्यामुळे सगळा दोष पकडीवर टाकता येत नाही. दोन, बरेच शिकारी जाळ्यापेक्षा लहान आकाराचे मासे खातात. जाळं १५ सेंटीमीटरचा मासा घेतं आणि पक्षी ७ सेंटीमीटरचा, तर स्पर्धा थेट नाही. तीन, या मासळीच्या पिल्लांची संख्या पालकांच्या संख्येवर कमी आणि समुद्राच्या स्थितीवर जास्त अवलंबून असते.

सुरय
आकाराचा मुद्दा मान्य. पण तो जागेचा मुद्दा खोडत नाही. वसाहतीच्या २० किलोमीटरच्या आत किती मासे आहेत हेच पक्ष्याला लागतं, अख्ख्या साठ्याची सरासरी त्याच्या कामाची नाही. दक्षिण आफ्रिकेत तारली आणि अँकोव्ही पूर्वेकडे सरकल्या, पेंग्विनची बेटं पश्चिमेला राहिली. साठा कागदावर होता, पेंग्विनच्या पोहण्याच्या टप्प्यात नव्हता. २०२५ साली तिथे सहा वसाहतींभोवती दहा वर्षांसाठी मासेमारीबंदी ठरली ती याच कारणाने.

पेंग्विनकाकू
पेंग्विन निघालेच आहेत तर विचारते. राणीच्या बागेतले हंबोल्ट पेंग्विन म्हणजे पेरू-चिलीचेच ना? त्यांना मांदेली चालेल का?

पोटपरीक्षक
हो, त्याच किनाऱ्याचे, अँचोवेटावर वाढलेली जात. आकाराने मांदेली चालेल, पण बंदिवासात मासा भरवण्याचे नियम वेगळे.

तारली, हेरिंग आणि अँकोव्हीच्या कुळातल्या बऱ्याच जातींत थायमिनेज नावाचं विकर असतं. मासा मेल्यावर, साठवणीत, ते ब-१ जीवनसत्त्व मोडत राहतं, बर्फात गोठवूनही थांबत नाही. समुद्रात मासा जिवंत गिळला जातो म्हणून तिथे प्रश्न फारसा येत नाही. गोठवलेल्या मासळीवर ठेवलेल्या पेंग्विन-सीलना मात्र झटके येतात, मान लुळी पडते, भूक जाते. त्यामुळे मत्स्यालयात दर किलो मासळीमागे २५ ते ३० मिलिग्रॅम ब-१ आणि १०० एकक ई जीवनसत्त्व देतात. गोळी एका माशाच्या कल्ल्यात खोचायची आणि तो मासा मुख्य जेवणाच्या आधी द्यायचा. सगळ्यांत मिसळली तर जेवणातलंच थायमिनेज ती खाऊन टाकतं.

मासा वितळवायचा तो फ्रिजमध्ये, रात्रभर. नळाच्या पाण्यात वितळवला तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं आणि क्षार वाहून जातात. एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. आणि एकाच जातीवर ठेवायचं नाही.

तिखलं
आमच्या फ्रिजपेक्षा पेंग्विनच्या फ्रिजला शिस्त जास्त आहे.

उत्तनचा वारा
धागा दक्षिण ध्रुवाकडे निघाला, परत फिरवा. देवमासे तारली खातात का? आमच्याकडे ठाम समज आहे की खातात.

पोटपरीक्षक
कुठला देवमासा ते आधी. निळा देवमासा, जो सिंधुदुर्गाच्या समुद्रात २०१५ साली नोंदला गेला, तो मुख्यतः क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खातो, तारलीकडे वळतही नाही. ब्रूडस देवमासा मात्र थवेवाल्या मासळीचाच शिकारी. दक्षिण आफ्रिकेच्या तारलीच्या धावेत, मे ते जुलैमध्ये, गॅनेट, डॉल्फिन आणि तांबूस मुशींच्या बरोबरीने तोच येतो आणि अर्धा थवा एका घासात नेतो. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे बाकी जगातल्या हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात आणि इथेच जेवतात. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यातले २४२ मारले. त्यांच्या पोटांत क्रिलबरोबर थव्याची बारीक मासळी होती. ओमानच्या बाजूला आता शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे.

व्हेल शार्क विचाराल, तर तो गाळून खाणारा. अंडी, प्लवक, मध्येच बारीक मासे.

रापणकार
लक्षद्वीपचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मिनिकॉयला कुपा गळाने धरतात, आधी जिवंत बारीक मासे समुद्रात फेकून. खाजणात पहाटे बारीक जाळ्याने चारा पकडायचा, होडीच्या पाणी खेळत्या टाकीत ठेवायचा. टाकीत दाटी झाली की प्राणवायू संपून चारा उलटा होतो. कुप्याचा थवा दिसला की मूठमूठ फेकायचा आणि वरून पाण्याचा फवारा मारायचा. फवाऱ्याने पृष्ठभाग थव्यासारखा थरथरतो, कुपा खुळावतो आणि चारा न लावलेल्या, अडकण नसलेल्या गळालाही लागतो. चाऱ्याचे मासे संपले की समोर कितीही कुपा असो, होडी परत. मधल्या पायरीचा अर्थ तिथल्या तांडेलाला विचारा.

सुरय
आणि तारलीची जागा दुसऱ्या कोणी घेतली तरी हिशेब जुळतोच असं नाही. नामिबियात १९६८ साली तारलीची पकड सुमारे १४ लाख टन होती, मग साठा गेला आणि समुद्र जेलीफिश आणि दाढीवाल्या गोबी माशाने भरला. पोट भरलं, पण गोबीत ऊर्जा कमी. पेंग्विन आणि गॅनेट घटतच राहिले. उत्तर समुद्रात २००० च्या दशकाच्या मध्यात सँडईल हे बारीक मासे कमी पडले तेव्हा समुद्रपक्ष्यांनी पिल्लांना नळीमासा आणला. हाडकुळा, ताठ. पिल्लांच्या घशात अडकला.

आपल्याकडे काही बंदरांवर 'कार्गिल' म्हणतात तो ट्रिगर मासा अधूनमधून ढिगाने येतो. चामडी कातडं, पाठीवर खिळ्यासारखा काटा. वजनात मासळी आहे, घासात नाही.

खाडीकाठ
बरंच मिळालं. म्हणजे सुरमई तारली गेल्याने उपाशी मरत नाही, पण दुसरीकडे जाते आणि दुसरं खाते. बाजाराचं वाक्य 'सुरमई नाही' असं नसून 'सुरमई इथे नाही' असं हवं. राहिला तिसरा प्रश्न. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) आणि बाजारात पोटं फुकट मिळतात. मोजायचं कसं?

पोटपरीक्षक
आधी जाळं निवडा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. रापणीची मासळी उत्तम, जिवंत येते. रात्रभर टाकलेल्या गळजाळ्यातली वाईट, मासा मेल्यावरही पोटातलं पचत राहतं. ट्रॉलमधली (बोटीमागे ओढत नेलेल्या जाळ्यातली) फसवी, दाटीत मासे शेजाऱ्याला गिळतात आणि पोटात ताजा करकरीत मासा सापडतो जो जेवण नव्हताच.

माशाची लांबी आणि वजन लिहा, मग पोट दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून कापा. लगेच बर्फात, किंवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिन टाळा: एक तर घरात ते वापरायचं द्रव्य नाही, दुसरं, आम्लधर्मी फॉर्मलिन माशाच्या कानातले खडे विरघळवतं आणि बऱ्याचदा ओळख पटते ती त्या खड्यांवरूनच.

पोट उघडून प्रत्येक प्रकार वेगळा. तारली-पेडव्यांच्या पोटाखाली करवतीसारखे खवले असतात, अर्धवट पचल्यावरही टिकतात. मांदेलीची शेपटीकडे निमुळती होत गेलेली लांब काया ओळखू येते. जवळ्याचे काळे डोळे शेवटपर्यंत राहतात.

तीन आकडे काढा: संख्येची टक्केवारी, वजनाची टक्केवारी, आणि किती टक्के पोटांत तो प्रकार सापडला. पहिल्या दोघांची बेरीज गुणिले तिसरा. एकटी संख्या घेतली तर जवळाच जिंकेल, पोटात शंभर असतात. एकटं वजन घेतलं तर एखादा मोठा बांगडा सगळं चित्र बिघडवेल.

डायटम
एक भर. म्हाकलाच्या चोची पोटात कित्येक दिवस राहतात, तारली काही तासांत विरघळते. मांस नसलेली चोच असेल तर वेगळी लिहा, नाहीतर सगळा समुद्र म्हाकूलच खातो असं निघेल. पोटाऐवजी स्नायूंतल्या जड नायट्रोजनचं प्रमाण पाहतात, ते दर पायरीला हजारी सुमारे ३.४ ने वाढतं. त्यातून पायरी कळते, जात कळत नाही.

खाडीकाठ
महिन्याला सुरमईची वीस आणि वाकटीची वीस पोटं असं ठरवतोय. रिकामी निघाली तर टाकून द्यायची ना?

पोटपरीक्षक
अजिबात नाही. किती रिकामी हा आकडाच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. फक्त खोल पाण्यातून झपकन ओढलेल्या माशाचं पोट तोंडातून उलटं बाहेर येतं, ते रिकाम्यात धरू नका. त्याला वेगळा रकाना.

उत्तनचा वारा
आणि वाकटीच्या पोटात वाकटी निघाली तर तिचंही पोट उघडा. आत जवळा असतो, आणि तो मोठ्या वाकटीच्या नावावर चढवू नका.

खाडीकाठ
केले दोन रकाने. वाकटीतल्या वाकटीसाठी तिसरा.

तिखलं
पोटं काढून झाल्यावर बाकीच्या सुरमईचं काय करणार, तेवढं कळवा.